समोरच्या घराची चौकशी

लंकाबाईंनी दाराशी पाट सरकवला, त्यावर चढल्या आणि दारातल्या भिंगाला डोळा लावला. जिन्यात कुणीतरी धापा टाकत होतं.

"दुसराच मजला आहे तृप्ती, सप्तशृंगीचा गड नाही," पुरुषाचा आवाज आला.

मग दोघं भिंगात दिसली. तो उंच, खांद्याला डब्याची पिशवी. ती किडकिडीत, डोळ्यांखाली काळं, पर्स पोटाशी घट्ट धरलेली. समोरच्या दाराची घंटा वाजवण्याआधी तिने भिंतीवर टिचकी मारून पाहिली, छताकडे बघत ओलीचा डाग शोधला, मग जिन्याचा कठडा धरून हलवला.

"अगं, तो सोसायटीचा आहे. आपल्याला घर घ्यायचंय."

"पडायचं तर आपल्यालाच ना त्याच्यावरून," ती म्हणाली.

समोरचं दार उघडलं. यादवरावांनी हात जोडून दोघांना आत घेतलं, दार लागलं, तरी लंकाबाई पाटावरून उतरल्या नाहीत. हे तिसरं गिऱ्हाईक. आधीची दोन गिऱ्हाईकं लिफ्ट नाही म्हणून नाक मुरडून गेली होती, आणि जाताना त्यांनी लंकाबाईंना एका शब्दाने काही विचारलं नव्हतं. तेच त्यांच्या मनाला लागलं होतं. घर घ्यायला निघालेल्या माणसाने समोरच्या दारी चौकशी करू नये म्हणजे काय? मुलगी बघायला येणारे मात्र बरोबर समोरचंच दार ठोठावतात.

अकरा वर्षांपूर्वी तसेच दोघे आले होते, देवळ्याहून. नाशिक रोडच्या या सोसायटीत तेव्हा सगळी सरकारी नोटांच्या प्रेसमधलीच कुटुंबं. लंकाबाईंचे यजमान आणि यादवराव एकाच खात्यात, म्हणून घरंही ठरवून समोरासमोर घेतलेली. लंकाबाई आणि यादवरावांच्या शकुबाई यांची दारं दिवसभर उघडी असत. आमटी कुठल्या घरची आणि भात कुठल्या घरचा हे पोरांनाही कळत नसे. लंकाबाईंच्या मोहिनीला देवळ्याचं स्थळ आलं. मुलगा पाटबंधारे खात्यात इंजिनिअर, पसंती दोन्हीकडून झालेली, सुपारी फुटायची तेवढी राहिलेली. त्याआधी मुलाचा चुलता आणि आणखी एक पाहुणा रीतीप्रमाणे शेजारी चौकशीला आले. या चौकशीत काय असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. शेजाऱ्याने चहा द्यायचा, मुलगी गुणाची आहे म्हणायचं, पाहुण्यांनी मान डोलवायची आणि उठायचं. यादवरावांनी चहा दिला. मुलगी चांगली आहे, माणसं चांगली आहेत, हेही सांगितलं. आणि मग म्हणाले, "पण तुम्ही नीट चौकशी करा."

बस, एवढंच. पण चौकशीला आलेल्या माणसाला शेजारीच जेव्हा आणखी चौकशी करा म्हणतो, तेव्हा सांगण्यासारखं काहीतरी त्याने पोटात ठेवलं आहे असं धरून चालतात. देवळ्याच्या लोकांनी तसंच धरलं. चहा संपवला, नमस्कार केला, आणि आठवड्याने 'सध्या विचार नाही' असा निरोप आला. मधे पडलेल्या मल्हारीमामाने मुलाच्या चुलत्याकडून ते वाक्य खोदून काढलं आणि जसंच्या तसं आणून लंकाबाईंच्या स्वयंपाकघरात ठेवलं. पुढे ते वाक्य भाऊबंदांत फिरलं. देवळ्याचं जमत आलेलं मोडलं म्हणे. का मोडलं? शेजारीच काहीतरी म्हणाले म्हणे. नंतर आलेली स्थळं मोहिनीकडे न बघता घराचे कोपरे बघायची. मग तीही यायची थांबली. आता मोहिनी शाळेत गणित शिकवते, चौतिशीची झाली आहे, आणि घरात लग्न हा शब्द कुणी काढत नाही.

आणि भांडायचीही सोय नव्हती. जाऊन म्हणायचं तरी काय, की तुम्ही त्यांना नीट चौकशी करा असं का सांगितलं? खोटं अक्षर नाही, निंदा नाही. "जाऊ दे, तो बोलतोच तसा," यजमान म्हणायचे, आणि ते खरंही होतं. यादवरावांचा जन्म कागद उजेडाकडे धरून तपासण्यात गेलेला. भाजीवाल्याकडून नारळ घेतला तरी तो कानाशी हलवल्याशिवाय पिशवीत जायचा नाही. गाडी घेणाऱ्याला, गावाला जाणाऱ्याला, औषध आणायला निघालेल्यालाही ते 'नीट बघून हं' म्हणायचेच. लंकाबाईंना याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी डूख धरला. दार लावून घेतलं, बोलणं टाकलं. यजमान गेले तेव्हा यादवरावांनी खांदा दिला, तेव्हासुद्धा लंकाबाईंनी त्यांच्याकडे मान वर करून पाहिलं नाही.

आता शकुबाईंना अर्धांगाचा झटका येऊन वर्ष झालं होतं. दवाखान्यातून त्यांना खुर्चीत बसवून चार माणसांनी वर आणलं ते आणलं, त्यानंतर त्या खाली उतरल्या नव्हत्या. पुण्याला मुलाने, रोहितने, त्याच्या घराशेजारी तळमजल्यावरची जागा धरून ठेवली होती. इकडचं घर गेलं की तिकडचं व्हायचं होतं. नाही गेलं तर ती जागा दुसऱ्याला. हे सगळं लंकाबाईंना कळलं होतं, कारण यादवराव फोनवर मोठ्याने बोलतात आणि दार काही फार जाड नाही.

घंटा वाजली तेव्हा लंकाबाई अजून पाटावरच होत्या. त्यांनी पाट पायाने भिंतीकडे सारला, पदर नीट केला आणि दार उघडलं.

"मावशी, पाच मिनिटं बोलायचं होतं," उंच मुलगा म्हणाला. "मी मनोज. ही माझी बायको. समोरचं घर बघतोय आम्ही."

"या की. बसा."

मोहिनीने स्वयंपाकघरातून चहा आणून ठेवला आणि परत आत गेली. तृप्ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती, उठून पळायची वेळ आली तर सोपं जावं अशी. अंबडच्या कंपनीत नोकरी, जेल रोडला भाड्याने राहतो, दिवाळीपासून घरं बघतोय, असं मनोज सांगत राहिला.

"हिला झोपच लागत नाही मावशी. घर बघून आलो की पित्त उठतं. डॉक्टर म्हणतात, एक तर घर घ्या नाहीतर घराचा विचार सोडा. हिच्या मैत्रिणीने दीर्घ श्वास घ्यायला शिकवलंय. पहाटे उठून नाक धरून बसते. श्वास आत घेते आणि विचारते, मनोज, त्यांच्या टाकीला गळती नसेल ना?"

"सगळे सांगतात, टेन्शन घेऊ नका," तृप्ती पहिल्यांदा बोलली. तिचा आवाज बारीक होता. "टेन्शन काय मी बाजारातून आणते का? खालच्या सगळ्यांना विचारलं. सगळे म्हणाले, यादवकाकांचं घर ना, डोळे झाकून घ्या. तुम्ही तर समोर राहता. तुम्ही सांगा."

लंकाबाईंनी बशीत चहा ओतला. हा दिवस त्यांनी किती वेळा मनात घडवून पाहिला होता! भाकरी थापताना, यजमानांच्या फोटोला हार घालताना, मोहिनी शाळेतून येऊन चपला काढत असे तेव्हा. शब्द तर पाठच होते, आवाज कसा ठेवायचा तेही ठरलेलं होतं.

"घर चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "मानसं चांगली हायेत."

तृप्तीने मान हलवली. हे तिने खाली ऐकलं होतं.

"पन तुम्ही नीट चौकशी करा."

मनोजने कप खाली ठेवला. "म्हणजे, काही कागदांचं आहे का? की पाण्याचं?"

"मी कुठं काय म्हनले? घर मानूस एकदाच घेतं. नीट चौकशी करावी, एवढंच."

तृप्ती त्यांच्याकडे एकटक बघत होती. तिचा चेहरा आणखी उतरला असं लंकाबाईंना वाटलं, आणि त्यांच्या छातीत अकरा वर्षं अडकलेलं काहीतरी सुटलं. दोघांनी चहा संपवला, नमस्कार केला. देवळ्याच्यांनी केला होता तसाच.

लंकाबाई गॅलरीत गेल्या. खाली दोघं स्कूटरपाशी उभी राहून बोलत होती. तृप्ती हातवारे करत होती, मनोज ऐकत होता. मधेच तिने वर पाहिलं. लंकाबाई वाळत घातलेल्या लुगड्याआड झाल्या. 'तसं काई नाय गं बाई, घ्या घर,' एवढं म्हणायला कितीसा दम लागतो? तेवढा वेळही मिळाला, कारण स्कूटर पहिल्या लाथेला सुरू झाली नाही. लंकाबाई लुगड्याआडून हलल्या नाहीत.

आत आल्या तर मोहिनी रिकामे कप हातात घेऊन उभी.

"आई, हे काय केलंस?"

"काय केलं? खोटं बोलले का एक अक्षर तरी?"

"नाही."

"मग? त्यानं तरी कुठं खोटं सांगितलं व्हतं?"

मोहिनीने कप मोरीत ठेवले आणि नळ सोडला. बराच वेळ ती ते दोन कप धूत राहिली. "शकुकाकू परवा विचारत होत्या," ती पाठमोरीच म्हणाली, "गिऱ्हाईक येतंय म्हणतात, चांगलं असेल ना गं?"

"तू जातीस तिकडं?"

"जाते. केस विंचरून देते त्यांचे."

ज्या पोरीसाठी आपण इतकी वर्षं दात धरून बसलो, ती मधल्या चार फुटांवरून खुशाल ये-जा करते? त्यांना पोरीचा राग आला, आणि तो रागही त्यांनी समोरच्या दाराच्या खात्यावर टाकला.

"तुझं वाटोळं केलं त्यानं," त्या म्हणाल्या.

"माझं काय झालं ते माझ्यापाशी राहू दे, आई. तू माझ्या नावाने हे करू नकोस."

"मंग माझ्या नावानं करते. आई हाय मी."

त्या रात्री लंकाबाई पोटभर जेवल्या आणि पडल्या पडल्या झोपल्या. दुसऱ्या दिवशीही बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी यादवरावांचा फोनवरचा आवाज आला. "नाही रे रोहित, अजून काही कळवलं नाही त्यांनी. आवडलं होतं म्हणून तर वाटलं. काय झालं कळत नाही." लंकाबाई दाराला कान लावून उभ्या होत्या. काय झालं कळत नाही! आम्हालाही कळत नव्हतं बाबा, देवळ्याहून निरोप येईपर्यंत. बस असाच वाट बघत. त्यांनी त्या दिवशी शिरा केला. मोहिनी म्हणाली, भूक नाही.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी जिन्यात खुडबूड झाली. लंकाबाईंनी पाट ओढला. भिंगातून दिसलं ते असं: यादवरावांनी शकुबाईंना काखेत हात घालून दाराबाहेर आणलं होतं. बहुतेक जिना जमतोय का ते पाहायचं होतं, कुणाच्या मदतीशिवाय. शकुबाईंचा डावा पाय फरशीवरून फरफटत होता. केसांची वेणी मात्र नीट घातलेली होती, ती कुणी घातली हे आता लंकाबाईंना ठाऊक होतं. पहिल्या पायरीपाशी यादवराव एक पाऊल खाली उतरले आणि त्यांनी बायकोचा पाय हाताने उचलून खाली ठेवला. दुसरा पाय ठेवायला गेले आणि शकुबाईंचा तोल गेला. दोघंही तिथेच, जिन्याच्या वरच्या पायरीवर, एकमेकांना धरून बसली.

"ऱ्हाऊ द्या हो," शकुबाई तोंडाच्या एका बाजूने म्हणाल्या. "हितंच बरं हाय."

लंकाबाईंचा हात कडीवर गेला. वाईट वाटलं, नाही असं नाही. ज्या बाईच्या हातची आमटी वर्षानुवर्षं खाल्ली ती अशी पायरीवर पडलेली बघून कुणालाही वाटेल. कडी थंडगार होती. मग त्यांना मोहिनीची आठवण झाली. देवळ्याचा निरोप आला त्या दिवशी ती अशीच न बोलता बसली होती, नवी साडी मांडीवर घेऊन. लंकाबाईंनी कडीवरचा हात काढला. समोरची दोघं उठून, भिंतीला धरत धरत आत जाईपर्यंत त्या पाटावर उभ्या राहिल्या, आणि मग त्यांच्या पायांना मुंग्या आल्या.

पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी घंटा वाजली. लंकाबाई कणीक मळत होत्या, तशाच भरल्या हाताने त्यांनी कोपराने कडी काढली. दारात तृप्ती उभी होती, हातात पेढ्यांचा पुडा. पण ही तीच का, असं वाटावं इतका चेहरा निवळलेला. मागे मनोज, आणि त्याच्या मागे, आपल्या उंबऱ्याच्या बाहेर पण लंकाबाईंच्या उंबऱ्यापासून लांब, यादवराव.

"मावशी, घेतलं घर," तृप्ती म्हणाली. "आज विसार दिला. पहिला पेढा तुम्हाला."

लंकाबाईंनी पेढ्यांच्या पुड्याकडे पाहिलं.

"तुमच्यामुळे घेतलं," तृप्ती बोलतच राहिली, जशी काही इतके महिने तिची जीभ बांधून ठेवली होती. "माझ्या वडलांनी चांदवडला प्लॉट घेतला होता. तेव्हा सगळे हेच म्हणाले, अण्णा, डोळे झाकून घ्या. एकच प्लॉट दोघांना विकलेला निघाला. वडील त्या धक्क्यातून उठले नाहीत. म्हणून कुणी चांगलं आहे, चांगलं आहे म्हणायला लागलं की मला उलट भीतीच वाटते. तुम्ही एकट्या म्हणालात, नीट चौकशी करा. मला वाटलं, हे माणूस आपल्या काळजीने बोलतंय."

"मग काय, हिने खरंच चौकशी केली," मनोज हसला. "काकांना वकिलाच्या ऑफिसात बोलावून कागद तपासून घेतले, प्लंबर गच्चीवर नेऊन टाकी बघितली, दोन आठवडे गेले. काकांकडे एकेक पावती जपून ठेवलेली. वकील म्हणाले, इतकी स्वच्छ कागदपत्रं मी पाहिली नाहीत. त्या दिवशी ही दुपारी जी झोपली, ती रात्री जेवायला उठली."

"आणि खरं सांगू का," तृप्ती म्हणाली, "मी यांना खाली स्कूटरपाशीच सांगितलं होतं, घर कसंही असू दे, शेजार मात्र हाच पाहिजे."

लंकाबाई कणकेच्या हातांनी उभ्या होत्या. आत मोहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली होती, हे त्यांना न बघता कळलं.

यादवराव पुढे झाले. तृप्ती आणि मनोज बाजूला सरले.

"वहिनी," ते म्हणाले. अकरा वर्षांनी. "या मुलीने मला आत्ता सांगितलं तुम्ही काय बोललात ते. देवळ्याचे पाहुणे आले, तेव्हा मी बोललो होतो तेच."

लंकाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. दाढीचे खुंट पांढरे, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. कडक इस्त्रीचा यादवराव कधी असा झाला हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

"माझ्या तोंडाची सवय, दुसरं काही नव्हतं मनात. पण ते जिना उतरत होते तेव्हाच शकु म्हणाली, अहो, काय बोलून बसलात? जा त्यांच्या मागे. स्टँडवर सापडले असते, देवळ्याची गाडी लागायची होती. मी गेलो नाही. आपलं चुकलं म्हणून रस्त्यात कुणाचे हात धरायचे, याची लाज वाटली. मग निरोप आला, आणि मग तुमच्या दाराकडे बघायचीही हिंमत राहिली नाही." त्यांनी तुटलेल्या बटणाशी शर्ट सारखा केला. "तुमच्या जागी दुसरं कुणी असतं ना वहिनी, तर त्याने आज माझं उट्टं काढलं असतं. तुम्ही मात्र त्याच शब्दांनी माझं घर मार्गी लावलंत. शकु ऐकल्यापासून रडतेय. तिलाच यायचं होतं, पण तिच्याने येववत नाही."

तृप्तीला सगळा उलगडा झाला नव्हता, तरी तिचे डोळे भरून आले होते आणि ती लंकाबाईंकडे देवाकडे बघावं तशी बघत होती. लंकाबाईंनी एकदा मागे पाहिलं. मोहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. आता तरी बोल, असं तिचे डोळे म्हणत होते. 'भाऊ, तसं नाय, मी मोडायलाच बोलले व्हते.' एका वाक्याचं काम होतं.

यादवराव खाली वाकले.

वयाने मोठा माणूस आपल्या पायाशी वाकला की 'अहो, हे काय' म्हणत मागे सरायचं, हे लहानपणापासून कुणाला शिकवावं लागत नाही. यादवरावांच्या गुडघ्यांना त्रास होता, त्यांनी एक हात चौकटीवर टेकवला आणि दुसरा हळूहळू खाली नेला. त्यांच्या टाळूवरचे विरळ केस लंकाबाईंना वरून दिसले. मागे सरायला हवा तेवढा वेळ होता.

त्यांची बोटं पायाला लागेपर्यंत लंकाबाई तशाच उभ्या राहिल्या.